पांढऱ्या पेशी खरेच 'सैनिक' आहेत का?

शाळेत रक्ताचा धडा आला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. तांबड्या पेशी म्हणजे प्राणवायूची ने-आण करणारे हमाल, बिंबिका म्हणजे गळती बुजवणारे कारागीर आणि पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. शत्रू आत शिरला की सैनिक धावून जातात, लढतात, काही धारातीर्थी पडतात. जखमेतला पू म्हणजे बव्हंशी त्यांचीच प्रेते. मुलांना ही गोष्ट आवडते, आणि सातवी-आठवीपर्यंत तिच्याबद्दल आमची फारशी तक्रारही नाही. तक्रार आहे ती पुढची. हीच गोष्ट बारावीच्या वर्गापर्यंत, तिथून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपर्यंत आणि शेवटी रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांपर्यंत जशीच्या तशी जाऊन पोहोचते. तिथे ती नुसती अपुरी राहत नाही, दिशाभूल करते.

उपमेची परीक्षा ती जिथे सहज लागू पडते तिथे करून उपयोग नसतो. ती जिथे ताणली जाते तिथे करावी लागते. सैनिकांच्या गोष्टीसाठी अशी जागा म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरचा एक उपचार. अस्थिमज्जा रोपणानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रोग पुन्हा डोके वर काढू लागला, तर ज्याने मज्जा दिली त्याच दात्याच्या लसीकापेशी, म्हणजे लिम्फोसाइट, रुग्णाला चढवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर याला 'डीएलआय' म्हणतात.

उपचाराचे बाह्यरूप इतके साधे आहे की पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये. दाता, बहुधा रुग्णाचा सख्खा भाऊ किंवा बहीण, तीन-चार तास एका यंत्राशेजारी पडून राहतो. एका हातातून रक्त यंत्रात जाते, तिथे गरागरा फिरून त्यातल्या पांढऱ्या पेशींचा थर वेगळा निघतो आणि बाकीचे रक्त दुसऱ्या हातातून परत येते. मिळालेल्या पेशी मोजतात आणि नेहमीच्या रक्तासारख्या रुग्णाच्या शिरेतून चढवतात. भूल नाही, चिरफाड नाही, पेशींवर कसलाही जनुकीय संस्कार नाही. मग आठवडे, कधी दोन-तीन महिने, वाट पाहायची.

मात्रा किती? वर्गात करून घेण्यासारखे गणित आहे. जुळणाऱ्या भावंडाकडून रुग्णाच्या दर किलो वजनामागे १ कोटी टी पेशी (लसीकापेशींचाच एक प्रकार) ही एक प्रचलित मात्रा. रुग्ण ६० किलोचा असेल तर ६० कोटी. आता प्रौढ माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात टी पेशी सुमारे दीड हजार धरल्या, तर एका मिलिलिटरमध्ये १५ लाख. ६० कोटींना भागा: उत्तर येते ४०० मिलिलिटर. म्हणजे साधारण एका रक्तदानाच्या पिशवीत जेवढ्या टी पेशी असतात तेवढ्याच. एवढ्याशा पेशी, केमोथेरपी आणि किरणांना पुरून उरलेला रोग संपवू शकतात, आणि काही वेळा रुग्णालाही संपवू शकतात. हे दोन्ही कसे घडते ते सैनिकांच्या गोष्टीतून सांगून पाहा.

गोष्ट म्हणेल: रुग्णाची फौज थकली होती, भावाकडून ताज्या दमाची कुमक आली आणि शत्रू पराभूत झाला. ऐकायला झकास. पण याला छेद देणारा पुरावा फार जुना आहे. ब्रिटनमधील हार्वेल येथे बार्न्स, लाउटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ल्युकेमिया झालेल्या उंदरांना जबर क्ष-किरण दिले आणि मज्जा देऊन त्यांना जगवले. ज्यांना आपल्याच वाणाच्या उंदरांची मज्जा मिळाली त्यांचा रोग उलटला. ज्यांना परक्या वाणाची मज्जा मिळाली त्यांचा ल्युकेमिया गेला. पण ते उंदीर खंगून मेले. 'ताजी कुमक' दोन्ही गटांना सारखीच मिळाली होती. फरक होता तो फक्त परकेपणाचा.

माणसांतला अस्थिमज्जा रोपणाचा उपचार उभा केला तो अमेरिकेतील डोनॉल थॉमस यांनी. त्यासाठी त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची मूळ कल्पना निराळी होती. औषधे आणि किरणांचा मारा इतका करायचा की रोगट मज्जा समूळ जावी, आणि रिकाम्या झालेल्या हाडांत दुसऱ्याची मज्जा पेरायची. मज्जेचे काम पुनर्वसनाचे. रोग मारायचे काम औषधांचे. आपल्याकडे हा उपचार प्रथम यशस्वी झाला तो १९८३ साली, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात. डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर तो केला. स्वतः लहानपणापासून पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असलेल्या या डॉक्टरांनी त्या काळातल्या साधनांनिशी हे धाडस केले, याची आठवण आपल्या शाळांत क्वचितच निघते. असो.

पुढे रोपणे वाढली तशी एक विचित्र गोष्ट नोंदवह्यांत दिसू लागली. रुग्णाला हुबेहूब जुळे भावंड असेल, तर त्याहून चांगला दाता कोणता? उसने अवयव नाकारले जाण्याचा प्रश्नच नाही. आणि खरोखरच जुळ्याची मज्जा अगदी बिनतक्रार रुजे. पण रोग मात्र अधिक वेळा परत येई. सिअ‍ॅटलच्या गटाने १९७९ मध्ये हे दाखवले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय नोंदणीतील २,२५४ रुग्णांच्या अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्यांना रोपणानंतर दात्याच्या पेशींचा त्रास झाला, अंगावर पुरळ, जुलाब, कावीळ, त्यांचा कर्करोग उलटण्याचे प्रमाण सर्वांत कमी. ज्यांना हा त्रास होऊ नये म्हणून मज्जेतल्या टी पेशी आधीच काढून टाकल्या होत्या, त्यांच्यात, विशेषतः दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात, ते अधिक. रोग मारण्याचे काम नुसती औषधे करत नव्हती. दात्याच्या टी पेशीही करत होत्या. त्याच १९९० साली म्युनिकच्या हान्स-योखेन कोल्ब यांनी पुढचे पाऊल टाकले. रोपणानंतर दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया उलटलेल्या तीन रुग्णांना त्यांनी मूळ दात्याच्या पांढऱ्या पेशी चढवल्या, जोडीला इंटरफेरॉन दिले, आणि रोग मागे हटला.

म्हणजे जो शेजारी सर्वांत 'आपला' तो लढाईत निरुपयोगी, आणि जो थोडासा परका तोच कामाचा. सैनिकांच्या गोष्टीत याला जागाच नाही. कारण त्या गोष्टीत सैनिकाला शत्रू आधीपासून ठाऊक असतो.

आमचा संबंध पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या शाळांशी अधिक येतो, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेतो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिन तिथे बनू लागले. पेनिसिलिन जंतूला मारते आणि आपल्याला सोडते, कारण जंतूभोवती जी विशिष्ट भिंत असते ती बांधण्याच्या कामात ते खोडा घालते. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही. शत्रू आणि स्वकीय यांच्यात एवढा ढळढळीत फरक असेल तर सैनिकांची गोष्ट चालून जाते. कर्करोगाची पेशी मात्र आपलीच असते. तिच्यात बिघाड असतात, पण ते थोडे आणि आडवळणाचे. म्हणून रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींना बहुतेक वेळा तिच्यात वावगे काही दिसत नाही.

टी पेशी नेमके काय पाहते? कल्पना करा चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावरची. तिथला वॉचमन दोन गोष्टी पाहतो: गळ्यातला गेटपास आणि हातातली डब्याची पिशवी. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. हा झाला गेटपास. त्याचे नमुने सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकांनी ठरतात आणि माणसागणिक ते वेगळे असतात. या एचएलएवर पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे मांडून ठेवते. ही झाली उघडी पिशवी. टी पेशी पास आणि पिशवी एकत्रच तपासते. तिची उमेदवारी झालेली असते छातीतल्या थायमस ग्रंथीत. तिथे 'आपल्या कारखान्यात काय नेहमीचे असते' हे तिच्या अंगवळणी पडते. जे नेहमीचे त्याला ती हात लावत नाही. जे कधी पाहिले नाही, ते संशयास्पद.

आता हाच वॉचमन उचलून दुसऱ्या कारखान्यात नेऊन ठेवला. जुळणाऱ्या भावंडाच्या बाबतीत पास दोन्हीकडे एकाच छापाचे आहेत. पण पिशव्यांत फरक आहे, कारण एचएलए जुळले तरी बाकीचे शेकडो जनुक वेगळे असू शकतात. सोपे उदाहरण: बहिणीची मज्जा भावाला दिली, तर वाय गुणसूत्रामुळे बनणारी प्रथिने बहिणीच्या टी पेशींनी स्वतःच्या शरीरात कधीच पाहिलेली नसतात. भावाच्या सर्व पेशींत ती असतात. म्हणून अशा जोडीत पुरळ-जुलाबांचा त्रासही जास्त आणि रोग उलटण्याचे प्रमाणही कमी, असे आढळते.

आता मुख्य मुद्दा. दात्याची टी पेशी कर्करोग ओळखत नाही. ती रुग्णाला ओळखते. 'ही पेशी बिघडलेली आहे' असा तिचा निवाडा बहुधा नसतो. 'ही पेशी माझ्या माणसाची नाही' असा असतो. मग कर्करोग जातो कसा? रोपणानंतर रुग्णाचे निरोगी रक्त दात्याच्या मज्जेतून तयार होऊ लागलेले असते. रुग्णाच्या मूळ रक्तापैकी जे काही शिल्लक राहिले किंवा परत आले, ते बव्हंशी रोगटच. म्हणून दात्याच्या पेशींनी 'रुग्णाचे रक्त' या एकाच खुणेवर सरसकट कात्री चालवली तरी गहू शाबूत राहतो आणि तण निघते. काही तुकडे तर फक्त रक्तपेशींच्याच पिशव्यांत सापडतात. टी पेशींनी त्यांवर आक्षेप घेतला तर कातडी, यकृत, आतडी बचावतात. पण आक्षेप जर सगळ्याच पेशींत असलेल्या तुकड्यावर असला, तर कर्करोगाबरोबर कातडीवर पुरळ येते, आतडी सोलून निघतात, यकृत सुजते. यालाच 'जीव्हीएचडी' म्हणतात. तारक आणि मारक अशा दोन निराळ्या फौजा नाहीत. एकच तपासणी, दोन ठिकाणी केलेली.

आमच्या फाटकालाही मर्यादा आहेत, हे येथेच सांगून टाकतो. वॉचमन माणसाला परत पाठवतो, टी पेशी जागच्या जागी मारते. आणि ती एका फाटकावर उभी नसते, सर्व शरीरभर फिरते. पण निदान या उपमेत प्रश्न 'कोण शूर?' हा नसून 'कोण कोणाला ओळखते?' हा आहे.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी म्हणेल. डीएलआयच्या आधी कुटुंबाला कागदावर सही करायची असते. सैनिकांची गोष्ट डोक्यात असलेला बाप विचारतो, 'कुमक आली, मग हे जुलाब कसले? उपचार फसला का?' कोणी पुरळाकडे 'औषधाची गरमी' म्हणून दुर्लक्ष करते आणि चार दिवस घरीच काढते. तेच चार दिवस महत्त्वाचे असतात, कारण वेळेवर स्टिरॉइडसारखी औषधे सुरू केली तर हा त्रास बऱ्याचदा आटोक्यात येतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. याउलट, थोडेसे पुरळ आले म्हणून घाबरून प्रतिकार दाबणारी औषधे भरमसाट दिली तर रोगावरचा परिणामही दबतो. डॉक्टर ही तारेवरची कसरत करतात ती दोघांच्या मुळाशी एकच क्रिया आहे हे जाणून. नातेवाइकांना ते ठाऊक नसेल तर त्यांना डॉक्टर उलटसुलट बोलताहेत असे वाटते. आणि दात्याचे काय? ज्या बहिणीच्या पेशींनी भावाच्या आतड्यांना इजा केली, तिला 'तुझे सैनिक उलटले' असे कोणी सांगावे? तिच्या पेशींनी कोणताही द्रोह केलेला नसतो.

'जुळणी' या शब्दावरही आमचा असाच राग आहे. भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. एकच भावंड असेल तर २५ टक्के, दोन असतील तर सुमारे ४४, तीन असतील तर ५८. हे गणित अकरावीच्या संभाव्यतेत सहज बसते, आणि आजच्या छोट्या कुटुंबांत दाता मिळणे का अवघड झाले तेही त्यातून दिसते. पण मुलांच्या मनात 'जितके जुळेल तितके उत्तम' असे सरळ समीकरण बसते. त्यातून आणखी एक घातक समज पोसला जातो: रक्त शक्यतो जवळच्या नातेवाइकाचेच घ्यावे. प्रत्यक्षात नातेवाइकाच्या साध्या रक्तातल्या टी पेशींना रुग्णाचे शरीर कधीकधी परके म्हणून ओळखू शकत नाही, त्यांना बाहेर काढत नाही, आणि त्या मात्र रुग्णाला परका ठरवून हल्ला करतात. ही घटना विरळ, पण जवळजवळ नेहमी प्राणघातक. म्हणूनच अशा रक्ताच्या पिशवीला आधी किरण देऊन त्यातल्या टी पेशी निकामी करतात. 'माझ्या मुलाला माझेच रक्त द्या' म्हणणाऱ्या आईला हे समजावून सांगणारा कोणी तरी शेजारात असावा, आणि तो शिक्षक असायला काय हरकत आहे?

मथळ्यांबद्दल थोडक्यात. 'कर्करोगावर विजय' हा मथळा सैनिकांच्या गोष्टीचाच उत्तरार्ध. १९९५ साली कोल्ब यांनी युरोपातील १३५ रुग्णांचा ताळेबंद मांडला. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांत रोग पूर्ण मागे हटला. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात ३० टक्क्यांच्या आसपास. मुलांत अधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकारात जवळजवळ शून्य. टी पेशींना काम करायला आठवडे लागतात, आणि वेगाने वाढणारा रोग तेवढा वेळ देत नाही, हे त्यामागचे एक कारण. शिवाय ज्या आजारात हा उपचार सर्वांत चांगला चालतो, त्यासाठी २००१ पासून इमॅटिनिब आणि तिच्यासारख्या गोळ्या आल्या. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांना आता रोपणच लागत नाही. विजय कोणाचा म्हणायचा?

२०२३ च्या ऑक्टोबरात आयआयटी मुंबई, टाटा स्मारक केंद्र आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांच्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला देशात परवानगी मिळाली. तेव्हाही बातम्यांत 'सैनिकांना प्रशिक्षण' होतेच. त्यात पेशी रुग्णाच्याच असतात, आणि सीडी१९ ही खूण ओळखणारे कृत्रिम प्रथिन त्यांच्यावर बसवलेले असते. पण सीडी१९ ही कर्करोगाची खूण नाही. ती सगळ्याच बी पेशींवर असते, निरोगीसुद्धा. त्यामुळे त्याही जातात, आणि काही रुग्णांना पुढे बाहेरून प्रतिपिंडे पुरवावी लागतात. इथेही ओळख ढोबळच आहे. ती परवडते, कारण बी पेशींवाचून माणूस जगू शकतो. यकृतावाचून नाही.

शेवटी एक प्रकरण, जे बारावीच्या वर्गात जरूर मांडावे. पूर्ण जुळणारे भावंड नसेल तर आता आई, वडील किंवा मुलांची अर्धी जुळणारी मज्जाही वापरतात. डीएलआय द्यायचेच तर ते वर सांगितलेल्या मात्रेच्या दहावा-शंभरावा हिस्सा इतक्या सावधपणे सुरू करतात. अशा रोपणांनंतर रोग उलटलेल्या रुग्णांचा अभ्यास मिलानच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. समजा दाता आई आहे. रुग्णाच्या पासाचा आईकडून आलेला अर्धा भाग आईच्या टी पेशींना ओळखीचा, वडिलांकडून आलेला अर्धा परका. त्यांचा सगळा रोख त्या परक्या अर्ध्यावर. काही रुग्णांत उलटून आलेल्या ल्युकेमियाने तोच अर्धा भाग टाकून दिलेला होता आणि त्या जागी आईकडचा अर्धा भाग दोनदा घेतला होता. आता त्याच्या अंगावर आईच्या टी पेशींना खटकेल असा पासच उरला नाही. अशा रुग्णाला आईच्या पेशी कितीही वेळा चढवल्या तरी फारसा उपयोग नाही. त्यामुळे रोग उलटला की पेशी देण्याआधी ही तपासणी करून घेतात, आणि पास टाकलेला आढळला तर दुसऱ्या रोपणासाठी वडिलांचा विचार करतात. वडिलांच्या टी पेशींना तो दोनदा घेतलेला आईचा अर्धा पास परकाच दिसतो.